विश्लेषण : टीव्ही सुरूच होत नाही... बिघाड नेमका कुठे?

रात्रीचे साडेआठ. ताटे वाढलेली, मालिकेची वेळ झालेली. रिमोटचे बटण दाबले जाते, पण पडदा काळाच राहतो. मग रिमोट तळहातावर आपटला जातो, सेल काढून पुन्हा घातले जातात, प्लग हलवून पाहिला जातो आणि शेवटी मेकॅनिकला फोन लागतो. ‘‘पॅनल गेलं असणार, आता नवीनच घ्या,’’ असे उत्तर अनेकदा संच न पाहताच मिळते. काळ्या पडद्यामागे मात्र अनेक वेगवेगळे बिघाड असू शकतात. त्यातील काहींचा खर्च शून्य असतो, तर एखाद्याचा जवळपास नव्या संचाइतका. आपल्या टीव्हीचा बिघाड कोणत्या गटातला, याचा अंदाज घेण्यासाठी मागचे झाकण उघडावे लागत नाही. दिवा, आवाज आणि चित्र या तीन खुणा क्रमाने तपासल्या तरी बरेच कळते.

बटण दाबल्यावर आत काय घडते?

आपल्याकडे घरात २३० व्होल्टची एसी वीज येते. टीव्हीतील इलेक्ट्रॉनिक भागांना मात्र कमी दाबाची डीसी वीज लागते. हे रूपांतर पॉवर बोर्ड करतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी हा बोर्ड पूर्ण झोपत नाही. रिमोटची हाक ऐकण्यापुरती थोडी वीज तो पुरवत राहतो. पुढच्या कडेवरचा लाल दिवा हीच गोष्ट सांगतो.

बटण दाबले की मेन बोर्ड जागा होतो आणि पॉवर बोर्डकडे पूर्ण वीज मागतो. त्यानंतर पडद्यामागचे एलईडी दिवे, म्हणजे बॅकलाइट, पेटतात. मेन बोर्डकडून निघालेले चित्र टी-कॉन नावाच्या छोट्या बोर्डातून पॅनलवर पोहोचते. ही साखळी जिथे तुटते, त्यानुसार लक्षण बदलते. म्हणून ‘टीव्ही लागत नाही’ एवढ्यावर न थांबता तो कुठपर्यंत लागतो, हे आधी पाहावे.

लाल दिवाच लागत नसेल तर?

दिवाही नाही, आवाजही नाही, अशा वेळी सुरुवात टीव्हीपासून न करता भिंतीपासून करावी. टीव्हीचा प्लग काढून त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. दिवा लागला नाही किंवा लुकलुकला, तर दोष सॉकेटमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. टीव्ही एक्स्टेन्शन बोर्डावर असेल, तर तो थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडून पाहावा. सैल झालेली पिन, बोर्डाचा उडालेला फ्यूज किंवा झाडलोट करताना बंद झालेला स्विच ही कारणे क्षुल्लक वाटतात. पण मेकॅनिकची एक फेरी त्यातच वाया जाते.

अनेक संचांना मागच्या बाजूने वायर निघून येणारी असते. ती काढून पुन्हा घट्ट बसवावी. वायर मुडपलेली, कुरतडलेली किंवा जळकट वासाची असेल तर ती वापरू नये. काही टीव्हींमध्ये लाल दिवा सेटिंगमधून बंद करता येतो, हेही लक्षात ठेवावे. दिवा नाही म्हणजे संच मेलाच, असे नाही.

सॉकेटमध्ये वीज आहे, वायर ठीक आहे आणि तरी दिवा लागत नाही, तर बिघाड बहुधा पॉवर बोर्डवर आहे. तिथला फ्यूज, दाब अचानक वाढल्यास स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारा एमओव्ही नावाचा चकतीसारखा भाग किंवा फुगलेले कपॅसिटर हे नेहमीचे संशयित. यातील बहुतेक भाग किमतीने किरकोळ असतात. प्लग लावताच घरातला एमसीबी पडत असेल, तर मात्र आत शॉर्टसर्किट झाल्याची शक्यता असते. पुन्हा पुन्हा लावून पाहण्याची चूक करू नये.

टेस्टर पेटतो, तरी वीज नाही असे कसे?

घरोघरी असणारा स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर फक्त फेजमध्ये वीज आहे की नाही, हे दाखवतो. उपकरण चालण्यासाठी फेजबरोबर न्यूट्रलही जोडलेले लागते. न्यूट्रलची वायर सुटली असेल, तरी टेस्टर पेटतो आणि टीव्ही मात्र बंदच राहतो. म्हणून टेस्टरपेक्षा त्याच सॉकेटवर दिवा लावून पाहणे अधिक खात्रीचे.

तीन फेजच्या लाइनवर इमारतीचे किंवा वस्तीचे न्यूट्रल तुटले, तर प्रकरण गंभीर होते. अशा वेळी काही घरांत दाब फार कमी होतो, तर काही घरांत तो ४०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकतो. एका घरात दिवे मंद आणि शेजारी डोळे दिपवणारे, पंखे नेहमीपेक्षा जोरात, ही त्याची खूण. असे दिसताच मुख्य स्विच बंद करावा आणि वीज कंपनीला १९१२ या क्रमांकावर कळवावे. एकाच वेळी अनेक घरांतील टीव्ही, फ्रिज, सेट-टॉप बॉक्स बंद पडले असतील, तर लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी. पुढे भरपाई मागायची झाल्यास ती उपयोगी पडते.

दिवा आहे, पण टीव्ही उठत नाही...

इथे पहिला संशय रिमोटवर. त्याची तपासणी हातातल्या फोननेच होते. फोनचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. रिमोटमधून निघणारा इन्फ्रारेड किरण डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात तो फिकट जांभळा किंवा पांढरा ठिपका होऊन चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर सेल्फी कॅमेऱ्यात पाहावे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हा किरण गाळला जातो. ब्ल्यूटूथवर चालणाऱ्या रिमोटला ही कसोटी लागू होतेच असे नाही.

दुसरी खात्री टीव्हीवरच्या बटणाने होते. हे बटण अनेकांना ठाऊकच नसते. ते कंपनीच्या नावाखाली मधोमध, उजव्या कडेला किंवा मागे खालच्या कोपऱ्यात असते. बटणाने टीव्ही सुरू झाला, तर दोष रिमोटचा किंवा त्याचा किरण झेलणाऱ्या सेन्सरचा. सेन्सरसमोर साउंडबार किंवा शोभेची वस्तू ठेवलेली नाही ना, हेही पाहावे.

बटणही चालत नसेल, तर टीव्ही रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या स्विचने बंद करून प्लग काढावा. संचावरचे बटण साधारण ३० सेकंद दाबून धरावे. पाच-दहा मिनिटांनी प्लग पुन्हा लावावा. स्मार्ट टीव्ही हा एक संगणकच असतो. विजेच्या झटक्याने किंवा अर्धवट अपडेटने तो अडकून बसतो आणि रिमोटने बंद केल्यावरही त्याच अवस्थेत राहतो. वीज पूर्ण तुटली की त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. हा उपाय दरवेळी लागू पडत नाही, पण त्याला पैसा लागत नाही.

त्याच वेळी मागच्या एचडीएमआय, यूएसबी आणि अँटेनाच्या सगळ्या वायरी काढून टीव्ही एकटा सुरू करून पाहावा. बिघडलेला सेट-टॉप बॉक्स, पेन ड्राइव्ह किंवा साउंडबार कधी कधी टीव्हीला सुरू होऊ देत नाही किंवा सुरू होताच बंद करतो. एकेक वायर परत जोडत गेले की दोषी कोण, ते कळते. आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे दिसत असतील, तर टीव्ही ठणठणीत आहे. बंद आहे तो सेट-टॉप बॉक्स किंवा चुकला आहे तो सोर्स.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो म्हणजे?

अनेक संचांमध्ये तो टीव्हीचा निरोप असतो. आत कुठे जादा प्रवाह, कमी दाब किंवा बॅकलाइटमधला दोष आढळला, तर संच स्वतःला बंद करून घेतो आणि दिवा ठरावीक वेळा लुकलुकवतो. दोन विरामांमध्ये तो किती वेळा लुकलुकला, हे मोजावे. तीन वेळा म्हणजे अमुक आणि सहा वेळा म्हणजे तमुक, असा सर्व कंपन्यांना लागू पडणारा तक्ता नसतो. मॉडेलप्रमाणे अर्थ बदलतो. म्हणून फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडीओ काढून मॉडेल क्रमांकासह सेवा केंद्राला दाखवावा. तंत्रज्ञ योग्य सुटा भाग घेऊनच येण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

कंपनीचे चिन्ह दिसते, पडदा काळा होतो, पुन्हा चिन्ह दिसते, असे चक्र सुरू असेल तर पॅनल आणि बॅकलाइट काम करत आहेत. दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये किंवा मेन बोर्डवरील मेमरीत असतो. आधी सॉफ्टवेअर नव्याने भरून पाहता येते.

टीव्ही हल्ली पाच-सहा प्रयत्नांनंतर लागतो, आतून ‘टक-टक’ आवाज येतो, ही लक्षणे तर पूर्वसूचनाच. उष्णतेने कपॅसिटरमधले रसायन वर्षानुवर्षे वाळत जाते आणि तो वीज धरून ठेवू शकत नाही. याच टप्प्यावर दुरुस्ती केली, तर काम स्वस्तात होते.

आवाज येतो, चित्र नाही. पॅनलच गेले का?

बहुतेकांचे पैसे इथेच जातात. एलसीडी पॅनलला स्वतःचा प्रकाश नसतो. ‘एलईडी टीव्ही’ म्हणजे एलसीडी पॅनल आणि त्याच्यामागे किंवा कडेला एलईडी दिव्यांच्या पट्ट्या. हे दिवे माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा उडाला की सगळी माळ विझायची, तसेच इथे होते. एक एलईडी जळाला की पट्टी विझते आणि अनेक संच सुरक्षेसाठी सगळाच बॅकलाइट बंद करतात. पॅनलवर चित्र उमटत असते, पण उजेडाअभावी दिसत नाही.

याची परीक्षा टॉर्चने होते. खोलीत अंधार करावा, टीव्ही सुरू करून आवाज येऊ द्यावा आणि फोनचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरावा. काळ्या पडद्यावर चेहरे, अक्षरे किंवा मेनू अंधूक हलताना दिसला, तर बिघाड बॅकलाइटमध्ये किंवा त्याला वीज देणाऱ्या भागात आहे, पॅनलमध्ये नाही. सुरू करताच एक-दोन सेकंद चित्र चमकून विझणे, ही त्याच दोषाची दुसरी खूण. ओएलईडी टीव्हीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, तिथे बॅकलाइट नसतो. त्यामुळे ही परीक्षा त्यांच्यासाठी नाही.

पॅनल खरोखर बिघडल्याच्या खुणा वेगळ्या असतात. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी तड, शाई सांडल्यासारखे डाग, उभ्या रंगीत रेषा किंवा अर्धाच पडदा काळा. यातही रेषा आणि अर्धा पडदा यांमागे टी-कॉन बोर्ड किंवा त्याची सैल झालेली पट्टी असू शकते, म्हणून ती आधी तपासून घ्यावी. तडकलेले पॅनल मात्र दुरुस्त होत नाही. ते बदलावेच लागते आणि संचातला सर्वांत महाग भाग तोच.

घरी काय करू नये?

मागचे झाकण उघडू नये. प्लग काढला म्हणजे आतली वीज गेली, हा समज घातक आहे. पॉवर बोर्डवरील मोठा कपॅसिटर ३००हून अधिक व्होल्टचा भार प्लग काढल्यानंतरही काही काळ धरून ठेवू शकतो. जुन्या डबा टीव्हीत धोका आणखी मोठा. त्याच्या पिक्चर ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब लागायचा.

फ्यूजच्या जागी जाड तार घालण्याचा देशी उपाय आगीला निमंत्रण देतो. फ्यूज उडतो तो दुसऱ्या कुठल्या तरी दोषामुळे. तार घातली की तो दोष तसाच राहतो आणि पुढच्या वेळी बोर्डच जळतो. टीव्हीवर थापा मारणे, पडद्यावर थेट फवारा मारून पुसणे हेही टाळावे. खाली ओघळलेला द्रव कडेच्या फटीतून आत जातो आणि तिथेच पॅनलची नाजूक जोडणी असते. जळका वास, धूर किंवा चटचट आवाज आला, तर मुख्य स्विच बंद करावा आणि तपासणी होईपर्यंत टीव्ही लावू नये.

पावसाळ्यात टीव्ही अधिक का बिघडतात?

पहिले कारण आकाशातली वीज. ती घरावर पडावी लागत नाही. जवळपास कडाडली तरी वायरींमध्ये दाबाची लाट उठते. ती विजेच्या वायरीतून येते, तशी डिशच्या किंवा केबलच्या वायरीतूनही येते. म्हणून गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढावेत. गडगडाट सुरू असताना वायरींना हात लावू नये. सर्ज प्रोटेक्टर छोटे झटके झेलतो, पण जवळ पडलेल्या विजेसमोर त्याचा टिकाव लागत नाही.

दुसरे कारण दमटपणा. कोकण किनाऱ्यावर, मुंबईत, गोव्यात खारी हवा बोर्डावरची जोडणी गंजवते. ओल आलेल्या भिंतीला टीव्ही चिकटून बसवला, तर आत बाष्प साचते. तिसरे कारण ऐकायला गमतीचे, पण मेकॅनिकच्या नेहमीच्या परिचयाचे : उबेसाठी शिरलेली पाल किंवा झुरळे. त्यांनी दोन बिंदू जोडले की बोर्ड जळतो. भिंत आणि टीव्ही यांत मोकळी हवा खेळेल इतके अंतर ठेवणे, हा तिन्हींपैकी दोन दुखण्यांवरचा साधा उपाय.

स्टॅबिलायझर लागतो का, याचे उत्तर संचाच्या मागच्या पट्टीवर असते. तिथे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर कमी दाब तो स्वतःच सांभाळतो. वीज गेल्यावर स्विच बंद करून ठेवावा आणि ती परत आल्यावर दोन-तीन मिनिटांनी सुरू करावा. पडद्याची उजळणी कायम कमाल पातळीवर ठेवली, तर बॅकलाइट अधिक तापतो; ती घरातल्या उजेडापुरती कमी केली की दिव्यांचे आयुष्य वाढते.

मेकॅनिकला काय विचारावे?

संच किती जुना आणि वॉरंटी शिल्लक आहे का, हे आधी पाहावे. वॉरंटीत असताना बाहेरच्या माणसाकडून झाकण उघडले, तर कंपनी दावा नाकारू शकते. वीज पडणे, दाबातील चढ-उतार आणि पाणी जाणे ही कारणे वॉरंटीतून अनेकदा वगळलेली असतात; अटी वाचून घ्याव्यात.

वॉरंटी संपली असेल, तर चार प्रश्न पुरतात. नेमका कोणता बोर्ड किंवा भाग खराब आहे? पूर्ण बोर्ड बदलणार की त्यावरचा भाग? काढलेला जुना भाग परत मिळेल का? आणि केलेल्या कामाची हमी किती दिवसांची? बॅकलाइटचे काम असेल, तर पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दिव्यांच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पॅनलची पातळ काच उचलावी लागते आणि मोठ्या संचात ती तडकण्याची भीती असते. काच तडकली तर नुकसान कोणाचे, हे काम सुरू होण्याआधी कागदावर ठरवावे. एकच दिवा बदलण्यापेक्षा सगळ्या पट्ट्या बदलून घेणे शहाणपणाचे. बाकीच्या दिव्यांचेही वय तेवढेच असते.

संच नेण्याआधी मॉडेल आणि सीरियल क्रमांकाचा फोटो काढावा. दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या निम्म्याहून अधिक जात असेल, तर नवा घ्यावा, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. पॉवर बोर्ड, रिमोट सेन्सर आणि बॅकलाइटचे बिघाड बहुधा या मर्यादेच्या आत बसतात. पॅनल बहुधा बसत नाही.

फसवणूक झाली तर?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ केवळ वस्तूंना नव्हे, सेवेलाही लागू आहे. पैसे घेऊन दुरुस्ती नीट न करणे ही सेवेतील त्रुटी ठरते आणि बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. त्यातून तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. मात्र बिल, लेखी अंदाज आणि फोटो हाताशी हवेत.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. सुटे भाग, दुरुस्ती आणि वॉरंटी यांची माहिती कंपन्यांकडून एकाच ठिकाणी ग्राहकांना मिळावी, हा त्यामागचा हेतू. मोबाइल, वाहने आणि शेती अवजारांबरोबर टीव्हीसारख्या घरगुती उपकरणांचाही त्यात समावेश आहे.

संच खरोखरच मोडीत निघाला, तर तो भंगारवाल्याला देण्याऐवजी अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसे असते, तर सुरुवातीच्या एलसीडी संचांच्या बॅकलाइटमध्ये पारा. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीचा समावेश असून त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. नवा संच घेताना दुकानात जुना परत घेण्याची सोय विचारावी.

मात्र तो निर्णय घेण्याआधी पाच मिनिटे द्यावीत. सॉकेटला दिवा लावून पाहावा, रिमोट कॅमेऱ्यासमोर धरावा, प्लग काढून थांबावे आणि अंधारात पडद्यावर टॉर्च मारावा. मग मेकॅनिकला फोन करताना ‘टीव्ही लागत नाही’ असे सांगावे लागणार नाही. ‘‘लाल दिवा आहे, आवाज येतो, टॉर्चमध्ये चित्र अंधूक दिसतं,’’ असे सांगणाऱ्या ग्राहकाला ‘पॅनल गेलं’ हे उत्तर सहज देता येत नाही.